तंबूवरचा लेप

त्या राज्यात एकच तंबू होता आणि तंबू हेच राज्य होते. त्याचे कापड ताठ ठेवण्याचे काम आत राहणाऱ्या गड्यांचे. रोज पहाटे राणीची हाक आली की ते उठत आणि दोर ओढून घेत. हाक आली नाही तर उठायचे नाही, हा त्यांचा जुना रिवाज.

मधल्या खांबावर आरसेराव टांगलेले असत. तंबू कसा दिसतो ते सांगणे एवढेच त्यांचे काम. पण मिजास अशी, की सारा तंबू जणू त्यांच्याच खिळ्यावर उभा आहे. पुढे राणी थकली. तिची हाक मंदावली आणि एके दिवशी बंदच झाली. दोर सैलावले आणि कापडाला सुरकुत्या पडल्या. खांब कलला तर फुटणार कोण, हे आरसेरावांना पक्के ठाऊक होते.

त्याच सुमारास शेतातून जवसबाई आल्या. त्यांचा आवाज बारीक, पण राणीच्या वळणाचा. त्यांनी हाक दिली तसे काही गडी डोळे चोळत उठले. एकदोन दोर थोडे ताणलेही गेले.

"राणीची सर मला यायची नाही," बाई म्हणाल्या. "पण मुदपाकखान्यात जागा द्या. रोज हाक मारीन. जमेल तेवढं होईल, सावकाश."

"सावकाश?" आरसेराव म्हणाले. "बाई, सावकाश होणारं माझ्यात काही दिसत नाही. आणि मुदपाकखान्यात बघायला कोण येतंय?"

त्यांनी हुकूम सोडला, की बाईंना पाट्यावर वाटा आणि तंबूला बाहेरून लेप द्या. बाई वाटल्या गेल्या. त्यांची हाक पाट्यावरच विरली. कापड मात्र असे चकाकले, की दरबाराने टाळ्या पिटल्या. ओल्या लेपाच्या भाराने ते आणखी खाली आले, तेव्हा आरसेरावांनी दुसरा थर द्यायला सांगितले. मूर्खपणाला औषध नसते, थर मात्र हवे तेवढे देता येतात.

लेप वाळला तशा चिमण्या आल्या. कण टिपता टिपता त्यांनी कापडाची चाळण केली आणि भोकाभोकांतून उन्हाचे कवडसे आत उतरले. कललेल्या खांबावरून आरसेरावांनी ते पाहिले आणि त्यांचा ऊर भरून आला.

"बघा," ते म्हणाले, "काय तेज आलंय."

खाली गडी सैल दोर हातात धरून हाकेची वाट पाहत बसले होते, आणि वर खिळा सावकाश निसटत होता.