खुंटीवरचा नान

फार वर्षं झाली, किती ते मोजायला बसू नका. ताजिकांच्या डोंगराळ मुलखात नावदरा नावाचं एक गाव होतं. तिथे सफरमोह नावाची पोर होती. तिची आई ओयनिसो गावाचे नान भाजायची आणि पोर तंदुराशी बसून गायची. असं म्हणतात की तिचं गाणं सुरू झालं की नान करपायचाच नाही. हसताय कसले? करपला असता तर तिथल्या बायका बोलायच्या राहिल्या असत्या का?

पुढे तिचं नाव शहरापर्यंत गेलं आणि तिथल्या नाट्यगृहातून बोलावणं आलं. त्या मुलखाची एक रीत आहे. घरातून लांब निघणाऱ्याने ताज्या नानाचा एक घास घ्यायचा. उरलेला नान आई खुंटीला टांगते. माणूस परत येतो तेव्हा तोच नान संपवतो. नान खुंटीवर आहे तोवर माणूस परतणारच, अशी त्यांची पक्की समजूत. सफरमोहने घास घेतला, आईच्या गळ्यात पडून पोटभर रडली आणि गेली.

शहराने तिला डोक्यावर घेतलं. तिच्या गाण्याला लोक जिन्यांवर, खिडक्यांत, जागा मिळेल तिथे बसत. असं म्हणतात की एकदा सबंध बाजार दुकानं उघडी टाकून ऐकायला गेला आणि कुणाची सुईसुद्धा चोरीला गेली नाही. चोरही गाणं ऐकायलाच गेले होते ना!

सात वर्षं गेली. आठव्या हिवाळ्यात नावदऱ्यात पिठाचे डबे खडखडले. तशात एक खेचरवाला गारठून ओयनिसोच्या दारात कोसळला. घरात खायला काही नव्हतं, फक्त खुंटीवरचा नान होता. ओयनिसो किती वेळ त्या नानाकडे बघत उभी राहिली, ते तिचं तिलाच ठाऊक. मग तिने तो काढला, गरम पाण्यात भिजवला आणि पाहुण्याला भरवला.

त्याच दिवशी भरल्या नाट्यगृहात सफरमोहचा आवाज बसला. हकीम झाले, काढे झाले, गुण काही येईना. चाळिसाव्या दिवशी तो खेचरवाला तिचं दार शोधत आला आणि मान खाली घालून म्हणाला, "बाई, रिकामी खुंटी नंतर दिसली मला. तुमचा नान मी खाल्ला."

ती तशीच उठून त्याच्याबरोबर निघाली.

गावकऱ्यांना वरच्या खिंडीत दोन ठिपके दिसले, चालीवरून ओयनिसोने लेक ओळखली आणि लगेच धुकं उतरलं. हाताला हात दिसेना. एका बाजूला खोल दरी, आणि बर्फाच्या दिवसांत आवाज करायची गावाला बंदी. आवाजाने कडा सुटतो म्हणतात. ओयनिसोने दोयरा काढला. दोयरा म्हणजे आपल्या डफाचा भाऊच. तिने तो विस्तवावर शेकला आणि छपरावर चढली.

गावचा म्हातारा मिर्झो ओरडला, "ओयनिसो, डोंगर अंगावर घेशील!"

"घेईन! तिचा नान तर मी देऊन बसले. आता हाकसुद्धा मारू नको?"

आणि तिने थाप मारली. एक, दोन, तीन. चौथ्या थापेला धुक्यातून सूर आला. तोच तंदुरापाशचा सूर! दोयरा वाट दाखवत होता आणि सफरमोह खेचरवाल्याला मागे घेऊन गात गात खाली येत होती. वर कड्यावरचं बर्फ करकरत होतं, पण सुटलं नाही. असं म्हणतात की डोंगराने श्वास धरला होता. तिने उंबऱ्यात पाय ठेवला, गाणं थांबवलं, आणि कडा धाडकन कोसळला, तोही पलीकडच्या रिकाम्या दरीत.

ओयनिसो रडत म्हणाली, "पोरी, तुझं परतणं मी पाहुण्याला वाढलं गं."

"आई, तो उपाशी गेला असता तर मी कुठल्या तोंडाने गायले असते? आणि आले की नाही मी?"

आजही नावदऱ्यात प्रत्येक दाराबाहेर सफरमोहच्या नावाचा एक नान टांगलेला असतो. कुणीही भुकेल्याने काढावा, विचारायचं कारण नाही. नान निघाला की त्या घरची बाई छपरावर जाऊन दोयऱ्यावर तीन थापा मारते, भर बर्फातसुद्धा. चौथी मारत नाही. घराबाहेर असलेल्या आपल्या माणसासाठी ती थांबून ऐकत राहते.