यंत्रावरची पट्टी

कृष्णेच्या काठी एक गाव होतं. त्या गावात अंध मुलांची एक शाळा होती आणि शाळेत कागदावर ब्रेलचे ठिपके उठवणारं एक जुनं यंत्र होतं. ते ठिपके मुलं बोटांनी वाचत.

शाळेची एक रीत होती. प्रत्येक वस्तूवर तिचं नाव ठिपक्यांनी उठवलेली पट्टी चिकटवायची. माठावर ‘पाणी’, कपाटावर ‘कपाट’. हे काम तिथल्या शिक्षिका द्वारकाबाईंचं. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. पण माठ चुकून खिडकीपाशी ठेवला, तरी साऱ्या शाळेला ऐकू जाईल असं त्या ओरडत.

एके वर्षी शाळेचा संगणक बंद पडला आणि यंत्र चालवणारा प्रोग्रामही त्याच्याबरोबर गेला. नवा संगणक आला. सोमवारी शाळा उघडणार होती, आणि पहिलीच्या तेरा मुलांची पुस्तकं त्याआधी छापायची होती. शहरात प्रोग्राम लिहिणारी गावातली उल्का म्हणाली, “मी लिहून देते. पैसे नकोत.” पोरगी गुणाची हो, पण जरा जास्तच शहाणी!

प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर घेताना पडद्यावर प्रश्न आला : बत्तीस बिटचं हवं की चौसष्ट बिटचं? चौसष्टवाल्याला एका वेळी कितीतरी जास्त माहिती हाताळता येते. उल्का हसली. “बत्तीस आता घेतं कोण?” म्हणाली आणि चौसष्ट घेऊन मोकळी झाली.

दोन दिवस खपून तिनं झकास प्रोग्राम लिहिला, पण यंत्र ढिम्म हलेना. यंत्राबरोबर एक छोटी फाईल आली होती. संगणकाचं म्हणणं यंत्राला सांगणारी दुभाषीच म्हणा ना! ती होती बत्तीसची, आणि चौसष्टच्या प्रोग्रामला बत्तीसची फाईल सोबत घेता येत नाही. फाईल जुळत नाही असं पडदा सांगत होता. उल्कानं ते अर्धवट वाचलं, वायर बदलली, यंत्राला दोन चापट्या मारल्या. शेवटी ती मुख्याध्यापक निंबाळकर सरांना म्हणाली, “सर, यंत्र म्हातारं झालंय. भंगारात काढा.”

सरांचा चेहरा उतरला. नवं यंत्र वर्षभर तरी येणार नव्हतं. तोवर तेरा पोरं रिकाम्या हातांनी वर्गात बसणार. पण जाणकार माणूसच सांगतंय म्हटल्यावर ते काय बोलणार? त्यांनी भंगारवाल्याला निरोप धाडला.

द्वारकाबाई यंत्राचा निरोप घ्यायला आल्या. त्यावरून हात फिरवता फिरवता त्या एका बाजूला थांबल्या.

“उल्के, तू चौसष्ट घातलंस की काय गं?”

“तुम्हाला कसं कळलं, बाई?”

“कळायचंय काय त्यात? इथं लिहिलंय की! यंत्र बसवणाऱ्यानं सांगितलं, तेव्हाच मी पट्टी लावली. ‘बत्तीस बिट. दुसरं चालणार नाही.’”

उल्कानं पट्टीवर बोट टेकवून पाहिलं. ती पट्टी तिनं दोनदा फडक्यानं पुसली होती. जुना डिंक असेल, असं तिला वाटलं होतं! या शाळेत पट्टीवाचून वस्तू नसते हे तिला ठाऊक होतं, पण यावर काय लिहिलंय, हे एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

खोलीत दोघीच होत्या. बाई हळूच म्हणाल्या, “मी नाही कुणाला सांगणार. यंत्र दुरुस्त केलं म्हण.”

उल्काला क्षणभर मोह झाला. तुम्हाला खोटं कशाला सांगू? झालाच. मग ती उठली आणि सरांकडे गेली. “सर, यंत्र चांगलं आहे. चूक माझी होती. भंगारवाल्याला नको म्हणून सांगा.”

सरांना इतका आनंद झाला, की रागवायचं राहूनच गेलं.

उल्कानं बत्तीसचं सॉफ्टवेअर घेतलं, त्यात प्रोग्राम पुन्हा बांधला आणि बटण दाबलं. खडखडखडखड! यंत्रानं सारी इमारत दणाणून सोडली. रविवारी संध्याकाळी तेरावं पुस्तक तयार झालं.

सोमवारी बाईंनी नव्या मुलांना आधी माठावरची पट्टी चाचपायला लावली. मग कस्तुरी नावाच्या चिमुरडीनं पुस्तकाच्या पहिल्या पानावर बोट फिरवलं आणि ती किंचाळली, “बाई, हे माठावरचंच आहे! पाणी!” उल्काच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

पुढे शाळेसाठी जाडजूड शब्दकोश करायचा ठरला. एवढी माहिती बत्तीसला पेलेना. तेव्हा उल्कानं शब्द जुळवायला चौसष्ट घेतलं आणि छापायला बत्तीस. या वेळी तिनं आधी सगळी चौकशी केली होती.

ती बोटांनी वाचायलाही शिकली. तिच्या लॅपटॉपवर आता एक पट्टी आहे. शहरातले मित्र विचारतात, हा डिंक कसला? ती हसून त्यांचं बोट धरते आणि पट्टीवरून फिरवते. तिथं लिहिलंय, ‘आधी वाच, मग बोल.’

तात्पर्य: आकडा मोठा म्हणून वस्तू सोयीची ठरत नाही, जिथं ती लावायची, तिथली गरज आधी विचारून घ्यावी. आणि निवड चुकलीच, तर दोष दुसऱ्यावर न ढकलता चूक कबूल करावी, म्हणजे अडलेलं काम पुढे जातं.