आतली कडी

या गोष्टीतलं एक अक्षर खरं मानून दाखव, मग तुला मानलं. तू तर कुणी चोरील म्हणून अंघोळीला जातानासुद्धा चपला आत नेतोस!

पूर्वी वेत्रपुरात सुदर्प राजा राज्य करत होता, तेव्हा बोधिसत्त्व एका गवंड्याच्या पोटी जन्मला. नाव कलंभ. पुढं तो राजासाठी इमारती आखायला लागला. आधी चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर घर आखायचा, नि राहणाऱ्यांना त्यात निजवून बघायचा.

नगरात देवीची साथ आली. राजा म्हणाला, "आजाऱ्यांसाठी वेशीबाहेर घर बांध. कडी बाहेरून ठेव."

आखलेल्या घरात निजायला कोण येतंय? कलंभ स्वतःच निजला. नुसत्या रेघा, वर आभाळ, तरी त्या कडीच्या विचारानं त्याचा जीव गुदमरला. उठला, तो थेट राजाकडे.

"महाराज, कडी आतून लावतो."

"वेडा का तू? माणूस म्हणजे पळणारं जनावर."

"जनावर समजून बांधलं तर गोठाच होईल. मग पळतीलच की."

"आणि तरीही पळाले तर?"

"मीही आतच राहतो."

"एकानं जरी पाऊल बाहेर टाकलं, तर तुझ्यासकट घर पेटवीन."

घर झालं. कलंभ आत गेला. पाणी पाजायचा, मेलेल्यांचे डोळे मिटायचा.

एका दुपारी समोरच्या माळावर तान्हं पोर रडायला लागलं. आत आजारी पडलेल्या चांफीचं. सासूनं लांबूनच दाखवायला आणलं होतं. चांफी उठली, कडी काढली. बाहेर राजाची माणसं पेटते पलिते घेऊन उभी.

"अरे, धर की तिला! सगळे जळू!" एक म्हातारा ओरडला.

कलंभाचा हात पुढं गेलाच होता. त्यानं तो मागं घेतला.

चांफी उंबऱ्यावर थांबली. पदर दुधानं भिजला होता. पोराला डोळे भरून बघितलं. "न्या त्याला, आत्याबाई. लांब न्या." दार ओढलं, आपल्या हातानं कडी घातली, नि तिथंच बसून रडली.

थोड्याच दिवसांत ती गेली. मागनं कलंभही गेला. अंगावर माती टाकायलासुद्धा राजा आला नाही. साथ तेवढी थांबली.

ही गोष्ट शास्त्यानं, म्हणजे बुद्धानं, एका भिक्खूला सांगितली. आजारी भिक्खुणीच्या कोठडीला तो बाहेरून अडसर बसवत होता. "तेव्हाचा राजा तू," शास्ता म्हणाला, "चांफी ही आत पडलेली, नि कलंभ मी."

माणसावर असा भरवसा टाकणं, याला मैत्री म्हणतात. तिच्यानं मरण काही टळत नाही.

बघतोस काय? जा आता अंघोळीला.