छोट्या स्पीकरची धास्ती

घरोघरी टेपरेकॉर्डर वाजत, तेव्हाची ही गोष्ट. मालिनीताई बर्व्यांच्या शोकेसवर वीतभर उंचीचे दोन नवे स्पीकर आले. कोपऱ्यातला कपाटाएवढा जुना स्पीकर त्यांतल्या डाव्याला म्हणाला, "तुझा आवाज दारापर्यंत तरी पोचेल का रे?"

ताईंनी आपल्या दिवंगत यजमानांच्या गाण्याची टेप लावली, तसा डावा जिवाच्या आकांताने ओरडू लागला. सूर फाटला. ताईंचा चेहरा पडला.

"अरे, आपल्याला कुठे गायचंय?" उजवा स्पीकर कुजबुजला. "आलंय ते तसंच पुढे दे."

डाव्याने जोर सोडला. ताई एकदम पुढे सरकल्या.

"अगंबाई! तान घेण्याआधीचा ह्यांचा श्वास! इतक्या वर्षांत तो कधी ऐकूच आला नव्हता."