सरनोबतांचा अखंड नेम

"अखंड म्हणजे एकदाही चुकला नाही?" बुवांनी विचारलं.

"एकदाही नाही," सरनोबत म्हणाले. "पाडव्यापासून रोज पहाटे पाच ते सहा. अंगात ताप होता तेव्हाही बसलो."

बुवा मटकी निवडत होते. फडक्यात बांधून ठेवलेली मटकी परातीत मोकळी केली होती आणि तिला छान लांब मोड आले होते. मठात गुरुवारी उसळ असते आणि ती बुवा स्वतः करतात. गाव त्यांना निवांतबुवा म्हणतं. खरं नाव कुणालाच आठवत नाही, बहुधा त्यांनाही नाही.

सरनोबत पाटबंधारे खात्यातले मोठे साहेब. त्यांचा राग जिल्हाभर प्रसिद्ध होता. निवृत्त झाले तेव्हा खात्यातली माणसं सुटली आणि घरची सापडली. एकदा जेवणाचं भरलं ताट भिंतीवर गेलं. त्या दिवशी त्यांच्या पत्नी इंदूबाई भावाकडे निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "घटकाभर शांत बसायला शिका. मग येईन मी."

म्हणून सरनोबतांनी ध्यानाचा नेम धरला. पहिल्यांदा तो दूधवाल्याने बेल वाजवून मोडला. मोडलेला नेम पुढे चालवणं त्यांना पटेना. ते अक्षय्य तृतीयेची वाट बघत थांबले, तेव्हा धरलेलाही मोडला, मग दसऱ्याची. असं वर्ष गेलं. शेवटी पाडव्याला त्यांनी बेलची वायरच काढून टाकली आणि तेव्हापासून नेम टिकला.

"मग आता अडचण काय?" बुवांनी विचारलं.

सरनोबत पुढे सरकले.

"परवा ही आली होती. रातराणी एसटीने. मी नुकताच बसलो होतो. बेल वाजेना म्हणून तिनं कडी वाजवली."

"ओळखलंत?"

"कडीवरनं ओळखलं. तिची तशीच सवय आहे, दोनदा हळू आणि मग थांबायचं."

"मग?"

"मग काय... सहाला उठलो. दार उघडलं तर कुणी नाही. पायरीवर लोणच्याची बरणी होती."

बुवांनी एक दाणा उचलून बाजूला टाकला.

न बोलणारा माणूस सरनोबतांना सहन होत नसे. त्यांनी बरंच काही सांगितलं. आपण हे सगळं तिच्याचसाठी करत होतो, तिला थोडं थांबायला काय झालं होतं, आता ती फोनही उचलत नाही, आणि इतकं ध्यान करून घर रिकामंच राहणार असेल तर त्याचा उपयोग काय.

"राग आला?" बुवांनी विचारलं.

"आला."

"मग?"

"नेम नाही मोडला," सरनोबत म्हणाले. मग खाली मान घालून म्हणाले, "बरणी फोडली."

बुवा हसले नाहीत. हसले असते तर सरनोबतांना बरं वाटलं असतं.

परातीच्या कडेला बुवांनी टाकलेल्या दाण्यांचा लहानसा ढीग झाला होता. सगळे गोल, टणक, चकचकीत. सरनोबतांनी विचारलं, "हे का काढले? चांगले तर दिसतायत."

"गणंग आहेत. भिजवा, बांधून ठेवा, काही फरक पडत नाही. शिजतही नाहीत. कुणाच्या तरी दाताखाली आले की कळतं."

सरनोबतांनी मान डोलावली. मग मूळ मुद्द्यावर आले. बुवांनी आता पुढचं काही सांगावं, एखादा मंत्र द्यावा, म्हणजे ध्यान खोल जाईल आणि राग मुळापासून निघेल.

"इंदूबाईंच्या भावाच्या गावाला सकाळची गाडी आहे," बुवा म्हणाले. "उद्या त्या गाडीनं जा."

"किती वाजता?"

"पाचला."

"पाचला?" सरनोबत ताठ झाले. "पाच माझी बसायची वेळ आहे. दुपारची गाडी नाही का?"

"दुपारचीही आहे."

"मग दुपारच्या जातो. पाचच्या गेलो तर नेम मोडेल, बुवा."

बुवांनी ढिगातला एक दाणा उचलला, सरनोबतांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची मूठ मिटली.

"हा घेऊन जा. हाही अखंड आहे."

बुवा पुन्हा मटकी निवडायला लागले.

सरनोबतांनी मूठ उघडली. दाण्याला नख लावून बघितलं. नख आत शिरलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

"पाचची गाडी कुठून सुटते?" त्यांनी विचारलं.

"नाक्यावरून," बुवा म्हणाले. "त्या वेळेला गर्दी नसते. बसायला जागा मिळते."