गावासाठी गिळलेला मध

फार फार पूर्वी, डोंगरांना अजून नावे पडली नव्हती आणि राजे कुठेतरी दूर राहत, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावी, कारण या गोष्टीतली चूक लहान मुले सहसा करत नाहीत.

एका उंच कड्याखाली एक गाव होते. कड्याच्या पोटाला दरवर्षी आग्या माश्यांची मोहोळे लटकत. थंडी सरली, पळस फुलला, आंब्याला बोराएवढ्या कैऱ्या धरल्या, की गावातली जाणती माणसे दोर घेऊन वर चढत आणि मध उतरवत. देवीच्या देवळातल्या ओवरीत तो मडक्यांत भरून ठेवला जाई. मग घरोघर वसंताचा स्वयंपाक सुरू होई. कोवळी कैरी ठेचून, मोहरी फेसून, वर मध घालून केलेले रायते. कडुलिंबाचा मोहोर आणि चिंच मधात वाटून वळलेल्या गोळ्या. निखाऱ्यात भाजलेली रताळी, आणि ती फोडून त्यांवर सोडलेली मधाची धार. वर्षभर भाकरी-कालवण खाणारे ते गाव या दिवसांत बोटे चाटत फिरे.

पण त्या गावाची एक रीत होती. ज्या घरात सर्वांत अलीकडे मृत्यू झाला असेल, त्या घराच्या भांड्यात पहिला मध पडायचा. त्या घराने तोंड गोड केले, की मगच बाकीच्यांच्या चुली. तोवर कुणी मधाला बोटही लावायचे नाही. रीत घालणाऱ्या जुन्या माणसांच्या मनात माया होती. शेजारी रडत असताना आपल्या घरातून गोडाचा वास जाऊ नये, एवढेच त्यांना म्हणायचे होते.

ती माणसे गेली. रीत मागे राहिली.

त्या वर्षी पहिला मध भिवराकडे आला. पहिल्या मधाच्या या हक्काला गावात मान म्हणत.

भिवराची एकुलती लेक साळू माघ सरता सरता तापाने गेली होती. अंगाने भरलेली, लग्नाला आलेली, दिवसभर बडबडणारी मुलगी. भिवराचा नवरा कधीकाळी परमुलखात गेला तो परतला नव्हता, त्यामुळे घरात माणसे दोनच होती. आता एक राहिले.

फाल्गुनात मध उतरला आणि बायका भिवराच्या दारात आल्या. मला अजून जमणार नाही, असे तिने सांगितले. कधी जमेल, असे त्यांनी विचारले. ते तिलाही माहीत नव्हते, आणि तसे ती म्हणाली. बायका आल्या तशा परत गेल्या आणि वाटेत एकमेकींना म्हणाल्या, बिचारी.

ते 'बिचारी' फार दिवस टिकले नाही. कैऱ्या वाढत होत्या. एकदा आत बाठ धरली की रायत्याची मजा गेली. कडुलिंबाचा मोहोर गळायला लागला होता. मध थांबला असता, पण झाडे थांबायला तयार नव्हती. मुले घरोघर हट्ट करू लागली, तेव्हा त्यांच्या आया म्हणाल्या, जा, भिवरामावशीला विचारा. मुले खरोखरच तिच्या दारात येऊन विचारू लागली. भिवराला मुलांचा राग आला नाही. ज्यांनी पाठवले त्यांचा आला.

समजूत घालणाऱ्यांची तर रीघच लागली. एक म्हातारी म्हणाली, देवाला आवडली गं. भिवरा म्हणाली, आवडली असेल तर रीतसर मागणी घालायची होती, मी विचार केला असता. दुसरी म्हणाली, रडून का ती परत येणार आहे? भिवरा म्हणाली, मध खाऊन येणार असेल तर सांग, मडके तोंडाला लावते. तिसरी काही न बोलताच उठली. बाहेर गेल्यावर मात्र बोलली, की हिची जीभ बघा, शोकात असलेल्या बाईची जीभ अशी असते का?

खरे तर भिवराच्या आत जे होते ते रडण्यासारखे नव्हतेच. भाकरी थापताना तिचा हात इतक्या जोराने पडे की भाकरी फाटे. विहिरीत ती पोहरा सोडी तो आपटूनच. चुलीत लाकूड सारताना ते कुणाच्या तरी डोळ्यात सारावे, असे तिला वाटे. कुणाच्या, ते तिला ठरवता येत नसे. तापाच्या, देवाच्या, की साळूच्याच. आईला न विचारता गेलेल्या पोरीवरही तिचा राग होता, आणि तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

तिने गावाला मोकळे करूनही पाहिले. तुम्ही खा, मी कुणाला धरून ठेवलेले नाही, असे तिने निरोप धाडून सांगितले. पण गाव घाबरत होते. रीत मोडली तर माश्या रुसतील आणि कडा सोडून जातील, अशी सगळ्यांची समजूत होती. म्हणजे भिवराचे दुःख हलके व्हावे, अशी कुणाची तळमळ नव्हती. गावाला तिची फक्त जीभ हवी होती, एका थेंबापुरती.

शेवटी गाव पारावर जमले. पाटलाने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि पाटलीणबाईकडे पाहिले. बायकांच्या गोष्टीत तिचाच शब्द चाले. तिने निकाल दिला, की भिवरा करत नसेल तर आपण करू, तिच्याच घरी, तिच्याच चुलीवर. तिने नुसते तोंड उघडायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका भिवराच्या स्वयंपाकघरात शिरल्या. तिला कुणी विचारले नाही. एकीने चूल पेटवली. एकीने दुधात वरई शिजत घातली. एकीने भिंतीला उभा केलेला पाटा आडवा केला. साळू गेल्यापासून तो उभाच होता. रायते वाटायला घेतले की साळू समोर येऊन बसायची, वाटी न घेता पाट्यावरच बोट फिरवायची, आणि मोहरी नाकात गेली की ओरडत अंगणभर पळायची. आता त्या पाट्यावर भलत्याच हाताने वरवंटा फिरत होता. भिवरा भिंतीला टेकून बघत राहिली.

अंगणात पुरुष जमले होते. मुले वाट्या घेऊन आली होती. ऊन चढत होते आणि बाहेरची कुजबुज वाढत होती. झाले की नाही, अजून किती वेळ, असे आवाज आत येत होते.

त्या गावात मुलगी चुलीशी बसू लागली की तिला पहिली गोष्ट शिकवत, ती ही: मध आगीवर घालायचा नाही. भांडे खाली उतरवायचे, थांबायचे, त्याच्या अंगाला तळहात टेकवता आला की मगच मध सोडायचा. उकळत्यात पडलेल्या मधाचे विष होते, असे थोरली माणसे सांगत. पाटलीणबाईने स्वतः किती मुलींना हे शिकवले होते. पण बाहेर गाव ताटकळत होते. तिने ओवरीतून आणलेले मधाचे मडके उचलले आणि रटरटणाऱ्या खिरीत मध ओतला. शेजारची एक सून "अहो" एवढेच म्हणाली.

भिवरा उठली. ती आता चाखणार, असे वाटून बायकांनी वाट दिली. एकीने तर पळी भरून पुढे केली.

"पाटलीणबाई, मध उकळत्यात घातलात?" भिवराने विचारले.

"पडला असेल. थेंबभर तर चाखायचंय तुला. गोड ते गोड."

"लेकीसुनांना काय शिकवता? भांडं उतरव, थांब, हात लावून बघ. असंच ना?"

"असंच. मग?"

"मातीच्या भांड्यासाठी थांबता तुम्ही. माझ्यासाठी नाही थांबता आलं."

मग भिवराने पदर हाताला गुंडाळून ते भांडे चुलीवरून उचलले. गर्दीतून वाट काढत ती अंगणापलीकडे गेली आणि सगळी खीर तिने उकिरड्यावर पालथी केली. राखेतून वाफ उठली.

वर्षाचा पहिला मध. पाटलाने काठी आपटली. हिचे डोके फिरले, असे कुणीतरी म्हणाले. पाटलीणबाई तिच्या मागोमाग बाहेर आली.

"तुझीच लेक गेली का गं जगात? माझा पोरगा गेला, तेव्हा तेरावाही व्हायचा होता. सासूनं माझा जबडा धरला आणि मध घातला. मी गिळला. गावासाठी गिळला. कुणाला एक शब्द बोलले नाही. तू कोण मोठी लागून गेलीस?"

पाटील खाली मान घालून उभा राहिला.

या दोघी एकाच वर्षी सुना होऊन या गावात आल्या होत्या. नदीवर एकाच दगडावर धुणी धुतली होती. पुढे एक पाटलीणबाई झाली आणि दुसरी तिला अहोजाहो करू लागली. कित्येक वर्षांनी भिवराने तिला नावाने हाक मारली.

"अनसे, गोड लागला का?"

पाटलीणबाई म्हणाली, "नाही. तेव्हा नाही, आणि नंतरही कधी नाही. दरसाल खाते. सगळ्यांसमोर खाते."

"मग माझ्यावर कशाला चिडतेस? तुझ्या सासूवर चीड."

"ती मेली."

"साळूही मेली. म्हणून माझा राग मेला का?"

आता या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या असतील, असे तुम्हाला वाटेल. तसे काही झाले नाही. पाटलीणबाई पाठ फिरवून तरातरा निघून गेली. पण ती घरी गेली नाही. ती देवळात गेली आणि ओवरीच्या दारात ठाण मांडून बसली.

थोड्या वेळाने गाव तिथे आले. रीत तशीही मोडलीच आहे, आता मध वाटून टाकू, असा त्यांचा विचार होता. पाटलीणबाई हलली नाही. भिवरा आपणहून बोलावेल तेव्हाच मडक्याचे तोंड उघडेल, असे तिने सांगितले. लोकांनी विनवले, मग दटावले. शेवटी पाटील पुढे झाला आणि हळू आवाजात तिला समजावू लागला.

"तुमच्या आईनं माझा जबडा धरला, तेव्हा तुम्ही दारात उभे होतात," ती म्हणाली. "आताही तिथंच उभे राहा."

पाटील मागे सरला.

त्या वसंतात त्या गावात कुणाच्याही भांड्यात मध पडला नाही. कैऱ्यांना बाठ धरली, त्या मिठात गेल्या. मोहोर झडून मातीत मिसळला. रताळी लोकांनी कोरडीच खाल्ली. गाव दोघींच्या नावाने बोटे मोडत होते. मुलांचा हट्ट सगळ्यांत आधी संपला. मोठे मात्र रोज सकाळी कड्याकडे बघत, माश्या गेल्या का म्हणून. माश्या गेल्या नाहीत. त्यांना फुलांशी काम होते.

उन्हाळा लागला तशी पाटलीणबाई दुपारी सूप घेऊन भिवराच्या ओसरीवर जाऊ लागली. दोघी धान्य पाखडत बसत. पहिले काही दिवस बोलणे झालेच नाही. मग भांडणे झाली, कधी खड्यांवरून, कधी जुन्या गोष्टींवरून. भांडता भांडता एकदा पाटलीणबाईच्या तोंडून मुलाचे नाव निघाले. ते नाव तिने मोठ्याने घेतल्याला किती काळ लोटला होता, हे तिचे तिलाच आठवेना. भिवराने त्याच्याबद्दल विचारले आणि ऐकून घेतले. पुरे झाले, असे ती एकदाही म्हणाली नाही.

पावसाळा गेला, थंडी गेली. पुन्हा पळस फुलला. वर्षभरात गावात दुसरे कुणी गेले नव्हते, म्हणून मान अजून भिवराकडेच होता, पण आता तिच्या दारात कुणी विचारायला आले नाही. पाटलीणबाईने सगळ्यांना तशी तंबी दिली होती.

एका सकाळी भिवराने स्वतःच्या हाताने कैऱ्या तोडून आणल्या. मग उंबऱ्यात उभी राहून तिने गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"अनसे, रायतं करतेय. यायचं तर मध घेऊन ये. नाहीतर बिनमधाचं खाईन."

पाटलीणबाईने ओवरीतून गेल्या सालचा मध आणला. तो काळसर झाला होता. भिवराने मोहरी फेसली, कैरी ठेचली, मध घातला. पहिला घास तिने घेतला, आणि तो ती बराच वेळ तोंडात घोळवत राहिली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

तिने दुसरी वाटी पाटलीणबाईपुढे सरकवली. पाटलीणबाईने खाल्ले. कसे लागले, हे तिला कुणी विचारले नाही. अंगणात बघणारे कुणी नव्हते. वाटी रिकामी झाल्यावर तिने हात लांब करून वाटी पुन्हा पुढे केली.

"वाढ अजून," ती म्हणाली.

तेव्हापासून त्या गावात पहिल्या मधासाठी कुणी कुणाच्या दारात जात नाही. ज्या घरचे माणूस गेले ते घर आपणहून हाक देते, आणि तोवर ओवरीचे दार बंद राहते. कधी महिनाभर, कधी एखादा अख्खा वसंत कोरडा जातो. गाव कुरकुरते, पण आपापल्या घरात बसून कुरकुरते.

दुसऱ्याच्या दुःखाला आपल्या सोयीने मुदत घालणाऱ्याने त्याला सांत्वन म्हणू नये. तो जुलूम आहे.