ठकूची भूक

विणकरांच्या एका पेठेत सदोबा नावाचा साळी राहायचा. शालू विणावा तर सदोबानेच, असं पंचक्रोशीत म्हणायचे. एकदा मागावर बसला की घरावर वीज पडली तरी गडी उठायचा नाही. मध्येच उठलं की हाताचा ठोका बदलतो आणि कापडात रेघ उमटते. सदोबाच्या कापडात तशी रेघ कुणी पाहिली नव्हती, आणि त्याला या गोष्टीचा भारी अभिमान होता. अभिमान असावा हो, पण घरात लहान लेकरू आहे एवढं तरी ध्यानात ठेवावं की नाही?

सदोबाची बायको वारली तेव्हा त्याची ठकू तीन वर्षांची होती. पोर आईसाठी रडायची. सदोबाचाही जीव तुटायचा, पण काय बोलावं ते त्याला सुचायचं नाही, आणि उठायचं तर नव्हतंच. मग त्याने युक्ती काढली. मागाशेजारी गुळाचा डबा ठेवला. ठकू रडली की गुळाचा एक खडा तिच्या तोंडात घालायचा, आणि हात लगेच पुन्हा मागाच्या धोट्यावर. पोर गप्प व्हायची. शालू पुढे सरकायचा. "कसं शहाणं बाळ आहे माझं!" सदोबा म्हणायचा.

पुढे गुळाच्या जागी लाडू आले, लाडवांच्या जोडीला शेव आली. पोर पडली, लाडू. भ्याली, लाडू. आईची आठवण आली, दोन लाडू. शेजारच्या सगुणाकाकू म्हणायच्या, "काय छान बाळसं धरलंय हो पोरीनं!" सदोबाला बरं वाटायचं. बिनआईची पोर, पण एक दिवस उपाशी ठेवली नाही, असं तो ज्याला त्याला सांगायचा.

ठकू अकरा वर्षांची झाली तोवर बाळसं म्हणायची सोय उरली नव्हती. विहिरीच्या चार पायऱ्या चढली की तिला धाप लागायची, गुडघे दुखायचे. नागपंचमीला पेठेतल्या मुली फेर धरून खेळत होत्या. ठकू हौसेने पुढे गेली, तर एक जण म्हणाली, "हिच्याशी फुगडी कोण घालणार बाई? हात निखळतील!" सगळ्या हसल्या. ठकूही हसली. मग घरी आली आणि अख्खा डबा रिकामा केला.

सदोबा चिडला. "किती हावरट गं तू!" म्हणाला, आणि तिला वैद्यबुवांकडे घेऊन गेला.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. मग ठकूला विचारलं, "बाळ, भूक केव्हा लागते गं तुला?"

ठकूने आधी बापाकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "मुली खेळायला घेत नाहीत तेव्हा. घरात कुणी बोलत नाही तेव्हा. आई आठवली की. पोट भरलेलं असतं बुवा, पण तोंड थांबतच नाही. मी लई सांगते त्याला."

पोरीला अंगणात पाठवून वैद्यबुवा म्हणाले, "सदोबा, रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं चाललंय तुझं. पोर हावरट नाही. तिला सवय जडलीय, आणि ती तू लावलीस. एका दिवसात सुटायची नाही. खाऊ हळूहळू कमी कर. जेवण वेळेवर दे, आणि तिच्या ताटात असेल तेच तूही खा. अवेळी भूक लागली म्हणाली की मागावरून ऊठ. तिच्याजवळ बस, काय झालं ते विचार, नदीपर्यंत दोघं चालत जा. मारू नकोस, हिणवू नकोस. जमेल?"

"न जमायला काय झालं?" सदोबा म्हणाला.

कसलं जमतंय! सरदारांच्या लेकीच्या लग्नाचा शालू मागावर होता. ठकू दाराशी येऊन म्हणायची, "आबा, भूक लागली."

"आलोच गं, एवढा काठ होऊ दे."

काठ झाला की वेल, वेल झाली की मोर. त्या शालूवर मोर काही थोडेथोडके नव्हते. पोरीजवळ बसायला सदोबाला सवड झाली नाही, बाजारातून कुलूप आणायला मात्र झाली. ते सोपं होतं ना! त्याने खाऊच्या फडताळाला कुलूप ठोकलं, किल्ली कमरेला खोचली आणि निर्धास्त झाला. उरलेलं औषध शालू उतरल्यावर देऊ, असं त्याने मनाशी ठरवलं.

चार दिवसांत सगुणाकाकू तक्रार घेऊन आल्या. ठकूने त्यांच्या घरातून शेव उचलली होती. त्या दिवशी पेठेने तोंडात बोट घातलं. सदोबा चालू मागावरून उठला! उठला, आणि सगळ्यांदेखत पोरीच्या थोबाडीत दिली. मग पुन्हा मागावर जाऊन बसला.

आठ दिवस गेले. भर दुपारी सदोबाला मागच्या पडवीत काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. सूत ताठ व्हावं म्हणून विणकर पिठाची खळ शिजवतात, तिचं मडकं तिथे असायचं. मांजर असेल म्हणून त्याने बसल्या जागेवरून "शुक शुक" केलं. आवाज थांबेना. त्याने मान वळवून खिडकीतून पाहिलं.

मडक्याशी ठकू बसली होती. कालची, आंबलेली, बेचव खळ चार बोटांनी तोंडात कोंबत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ओकारी येत होती, तरी हात थांबत नव्हता.

सदोबाचं काळीज फाटलं. लेकरू जिभेच्या चोचल्यांसाठी खात नाही, हे त्याला आठ वर्षांत पहिल्यांदा दिसलं. हातातला धोटा सुटला, ताण्याचे धागे तटातट तुटले. तो तसाच धावला. "ठके, अगं माझे बाय!" म्हणत तिला जवळ घ्यायला त्याने दोन्ही हात पुढे केले.

ठकूने डोक्यावर हात धरले आणि ती भिंतीला चिकटली. "नका मारू आबा! परत नाही खाणार! नका मारू!"

आबा मागावरून उठले म्हणजे मार बसणार, एवढंच तिला ठाऊक होतं. सदोबा तिच्यापासून हातभर अंतरावर, त्या सांडलेल्या खळीतच मटकन बसला. "बोल गं, काय झालं तुला?" त्याने विचारलं. पुन्हा विचारलं. ठकूने तोंड पुसलं आणि "काही नाही" म्हणाली.

सरदारांचा शालू वेळेवर झाला नाही. सदोबाला त्याचं काही वाटलं नाही. त्याने कुलूप काढून टाकलं. दोन्ही वेळा तो ठकूच्या पंगतीला बसू लागला, संध्याकाळी तिच्याबरोबर नदीपर्यंत जाऊ लागला. कधी जुनी ओढ उसळली की तिच्याजवळ बसून राहू लागला. वर्षभरात पोरीची धाप बरीच कमी झाली. पण वाटेने ठकू अजूनही दोन पावलं मागेच चालायची, आणि तिचा हात धरायला बापाने हात मागे केला की दचकायची.

एक दिवस सदोबा वैद्यबुवांपुढे रडला. "बुवा, हे कधी जाईल हो?"

"अंगाचं दुखणं जाईल रे, वेळ लागेल एवढंच," वैद्यबुवा म्हणाले. "तिच्या दचकण्याला माझ्याकडे औषध नाही."

तात्पर्य: रडत्या लेकराला खाऊ देण्याआधी जवळ घ्यावं. आपणच लावलेली खाण्याची सवय कुलपाने आणि माराने सुटत नाही, लेकरू मात्र आपल्यापासून सुटतं.